कारणाचा रकाना

चार तासांचं भाडं बावीसशे, अनामत हजार.
खुर्च्या दीडशे, त्यातल्या नऊ लंगड्या;
त्या मी भिंतीकडेला लावतो, उशिरा येणाऱ्यांसाठी.
पियानोला हात लावायचा नाही.
तो वाजत नाही, पण हे कुणाला सांगायचं नाही,
असं पाळकसाहेबांनी सांगितलंय.

शरणपूर रोडवरून आत, चर्चच्या मागे, निलगिरीखाली आमचा हॉल.
गंगापूर रोडची लॉन्स ज्यांना परवडत नाहीत
ते विचारत विचारत येतात,
चपला दाराबाहेर काढतात.
अहो राहू द्या, म्हटलं तरी काढतात,
आणि समोरच्या कोऱ्या भिंतीला,
जिथं साधा क्रूससुद्धा नाही,
हात जोडून मग पंख्याचं बटण शोधतात.

वहीत रकाने पाच: तारीख, नाव, माणसं, कारण, सही.
मी आधी कारण वाचतो.
बारसं. साखरपुडा. पैठणी सेल.
नोटप्रेसमधल्या निवृत्तांचं स्नेहभोजन.
एकानं लिहिलं, भावकीची मिटवामिटवी.
माणसं चाळीस आली, निघताना सोळा बोलत होती.
सोळा म्हणजे काही थोडी नव्हेत.
खिडकीपाशी हळदीचा एक डाग आहे,
फिनेल झालं, लिंबू झालं, सोडा झाला.
नाताळात त्याच्यावरच गव्हाणीचा देखावा मांडतो.

ताजणेबाई सातपूरहून आल्या, मंगळवारी, भर दुपारी.
खुर्च्या विचारल्या नाहीत, जेवणाची सोय विचारली नाही.
"हॉल लांब किती?"
अठ्ठावीस वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं.
मी चालून दाखवला. एकवीस पावलं, माझी.
"आहेत त्या खुर्च्या उचला."
माणसं?
"दोन." मग थांबून, "एकच लिहा. मी बाहेर बसेन."
कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: चालणे.
म्हणजे शिबिर? संस्था वगैरे?
"चालणे म्हणजे चालणे."

कमिटीत ओहोळ सर दरपत्रक घेऊन बसले.
धार्मिक नाही, सामाजिक नाही, व्यावसायिकही नाही.
रूथमावशी कोपऱ्यातून म्हणाल्या,
"बेथेझदाच्या तळ्यावर पावतीबुक होतं का हो?"
तरी पावती फाटली, दोनशेची,
कारण ताजणेबाईंनाच फुकट नको होतं.

रंगनाथ ताजणे द्राक्षांची पिकअप चालवायचे.
कसाऱ्याच्या घाटात एकदा नाही वळली.
नवा पाय आला तेव्हा चाळीतली पोरं
गॅलरीत बसून पावलं मोजायला लागली, मोठ्यानं.
दारात आले तेव्हा बूट घालूनच उभे.
"हा एक पायालाच बसवलेला आहे, निघत नाही," म्हणाले,
आणि दुसरा काढायला वाकायला लागले.
मी म्हटलं, राहू द्या.
या दारात पहिल्यांदाच कुणीतरी ते ऐकलं.

दार लोटून आम्ही दोघं निलगिरीखाली.
बाई मटार सोलत होत्या.
आतून ठक्, मग फरफट, मग ठक्.
मग काहीच नाही.
काहीच नाही झालं की बाई अर्ध्या उठायच्या,
मांडीवरचे दाणे सांडायचे,
पुन्हा ठक् आलं की बसायच्या, दाणे वेचायच्या.
मी झाडाकडे बघत राहायचो.
पहिल्या दिवशी भिजलेला शर्ट झटकत ते म्हणाले,
"लई मोठा हॉल आहे तुमचा."

सातव्या मंगळवारी आवाज थांबेना.
दाणे सांडले नाहीत.
वेळेच्या आधीच दार आतून उघडलं,
चावी माझ्या हातात देत म्हणाले,
"लहान आहे हो हॉल. सुरू करतो न करतो, तोच भिंत."

तक्रारवहीत मी जसंच्या तसं उतरवलं,
तारीख घालून, सही घेऊन.
हिशेब तपासताना ओहोळ सर दरवर्षी तिथं अडतात.
म्हणतात, याच्यावर कार्यवाही काय केली, ते लिहा.